गाळणीच्या पलीकडे सुटलेला स्क्रू

एसयू कार्बोरेटर उतरवून त्याचा गळा उजेडाकडे धरला, की आत एक पितळी चकती दिसते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फिरते ती हीच. मेकॅनिक तिला बटरफ्लाय म्हणतात. एका बारीक दांड्याच्या खाचेत ती सरकवलेली असते आणि दोन छोट्या पितळी स्क्रूंनी आवळलेली असते. हे स्क्रू नीट पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या टोकाला मधोमध चीर असते. स्क्रू आवळून झाला, की चपट्या अवजाराने ती चीर फाकवायची. दोन्ही पाकळ्या बाजूला होतात आणि मग इंजिन कितीही थरथरलं तरी स्क्रू उलटा फिरून निघत नाही. जुने स्क्रू काढले तर ते फेकून द्यायचे आणि नवे घालून पुन्हा फाकवायचे, अशी जाणत्या मेकॅनिकची रीत आहे.

दोन स्क्रूंची एवढी काळजी का, हे त्यांची जागा पाहिली की कळतं. हवेचा फिल्टर त्यांच्या मागे राहिलेला असतो. पुढे इनलेट मॅनिफोल्ड, मग व्हॉल्व्ह आणि थेट पिस्टन. रस्त्यावरची धूळ फिल्टर अडवतो, पण फिल्टरच्या पलीकडे इंजिनाचाच एखादा भाग सुटला तर त्याला अडवायला वाटेत काही नसतं. इंजिनात हवा नेणाऱ्या या नळीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून माणसाने तिच्यात एकेक भाग बसवला, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर सुटू शकेल अशी आणखी एक वस्तू तिच्यात आली. गाडी वेगवान करू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी कधी यातले भाग काढून टाकले, कधी नवे जोडले. दोन्हींची किंमत इंजिनांनी मोजली.

इंजिन किती हवा ओढतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. दोन लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर हिशेबाने ते त्या एका मिनिटात ६,००० लिटर हवा आत घेतं, म्हणजे सेकंदाला १००. या ओघात चार मिलिमीटरचा स्क्रू सहज वाहत जातो. इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा आठ-दहा मिलिमीटर फट पडते, तिथून तो आत शिरतो. आत मात्र त्याला जागा नसते. पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडा आणि हेड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर अंतर उरतं, आणि पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर येत असतो. दर वेळी स्क्रू दोघांमध्ये चेचला जातो. पिस्टनवर आणि हेडवर खड्डे पडतात, स्पार्क प्लगचं टोक दाबून बंद होतं, व्हॉल्व्हखाली स्क्रू आला तर व्हॉल्व्ह वाकतो. बाहेर ऐकू येतात ते टणटण ठोके. तेवढ्यात गाडी बंद केली तरी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. स्क्रू एकाच सिलिंडरमध्ये राहील असंही नाही. व्हॉल्व्ह उघडे असताना हवेचा उलटा झोत त्याला पुन्हा मॅनिफोल्डमध्ये फेकतो आणि शेजारचा सिलिंडर त्याला ओढून घेतो. म्हणूनच हेड उघडल्यावर कधीकधी दोन पिस्टन चेचलेले दिसतात आणि स्क्रू मात्र एकच निघतो.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात या नळीत फारसं काही नव्हतंच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या संख्येने बनली. तिला हवेचा फिल्टर नव्हता. कच्च्या रस्त्यावरची धूळ सरळ कार्बोरेटरमध्ये जायची. रिंगा झिजायच्या, कंप्रेशन उतरायचं, आणि मालक घरच्या अंगणात हेड उतरवून व्हॉल्व्ह घासत बसायचा. लोकांनी ते मोटारीचा स्वभाव म्हणून स्वीकारलं होतं. मोटार रस्त्यावरच राहिली असती तर हे आणखी काही वर्षं चाललंही असतं, पण इंजिन शेतात उतरलं आणि धुळीचा प्रश्न टाळता येईना.

फ्रँक डोनाल्डसन हा अमेरिकेतल्या बुल ट्रॅक्टर कंपनीचा विक्रेता होता. यूटामधल्या एका शेतकऱ्याला विकलेला ट्रॅक्टर वारंवार बंद पडू लागला. नांगरट करताना उडणारी धूळ इंजिन खात होतं. डोनाल्डसनने हवा घेणाऱ्या तोंडावर एक साधी गाळणी बसवली आणि ट्रॅक्टर चालू राहिला. कंपनीला मात्र आपल्या ट्रॅक्टरमध्ये दोष आहे ही कबुली खपली नाही, आणि त्याची नोकरी गेली. १९१५ मध्ये त्याने मिनेसोटात फिल्टर बनवण्याचा स्वतःचा धंदा काढला. डोनाल्डसन कंपनी आजही जगभर फिल्टर विकते. इंजिनाला सगळ्यात मोठा धोका हवेबरोबर येतो, हे बाजाराला पटवून देण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर रुळला. आत येणारी हवा एकदम खाली वळवून तेलावर आपटायची. हवा हलकी म्हणून वळते, धुळीचे कण जड म्हणून सरळ जाऊन तेलात अडकतात. वर तारेची जाळी असते, तीही तेलाने भिजलेली. विलीज जीपला हाच क्लीनर होता. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये खडकीला सुरू झाला, आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबरोबर तेलाचा एअर क्लीनर गावोगाव पोचला. भांडं काढायचं, तळाशी बसलेला काळा गाळ फेकायचा, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं आणि क्लिपा पक्क्या लावायच्या. यातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. क्लिप ढिली राहिली, की हवा तेलाला वळसा घालून फटीतून शिरते. वरून सगळं जागेवर दिसतं, आणि एका हंगामात लायनर झिजून इंजिन धूर सोडू लागतं.

दुसऱ्या महायुद्धात हीच लढाई आकाशात झाली. १९४२ च्या मार्चमध्ये स्पिटफायर विमानं माल्टाला पोचली तेव्हा त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा फुगीर फिल्टर लटकत होता. वाळूपासून त्यांचं मर्लिन इंजिन वाचत होतं, पण विमानाचा वेग कमी होत होता. शत्रू पाठीमागे लागलेला असताना वैमानिकांना तो फिल्टर नकोसा व्हायचा. मग इजिप्तमधल्या अबुकीर इथल्या दुरुस्ती तळावर कारागिरांनी लहान, सुटसुटीत फिल्टर घडवला. तो त्या गावाच्याच नावाने ओळखला गेला. फिल्टर म्हटला की वाऱ्याला अडथळा आला, आणि अडथळा काढला की धोका आला. हा झगडा तिथे प्रथमच इतका उघड दिसला. पुढे गाड्यांच्या शौकिनांनी तोच झगडा शांततेच्या काळात, स्वतःच्या खिशातून पैसे घालून चालवला.

त्या शौकाची पंढरी म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात म्युरॉकसारखी कोरडी तळी आहेत, मैलोन्‌मैल सपाट. १९३० च्या दशकात तरुण पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे शर्यती लावायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. १९३२ मध्ये आलेलं फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन स्वस्त होतं, मजबूत होतं, पण त्याचा श्वास तोकडा होता. त्याला जास्त हवा कशी पाजायची, या एकाच प्रश्नाभोवती एक पूर्ण धंदा उभा राहिला. व्हिक एडलब्रॉक नावाच्या गॅरेजवाल्याने १९३८ च्या सुमारास ‘स्लिंगशॉट’ मॅनिफोल्ड बनवला. त्यावर एकाऐवजी दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर बसत. स्टुअर्ट हिलबॉर्नने इंधन थेट फवारणारी यंत्रणा तयार केली, आणि १९४८ मध्ये त्याच्या गाडीने कोरड्या तळ्यावर ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला.

या गाड्यांची छायाचित्रं पाहताना इंजिनाच्या माथ्यावर नजर जाते. एअर क्लीनर नाही. कार्बोरेटरवर चकचकीत कर्ण्यासारख्या तुताऱ्या, तोंडं आभाळाकडे उघडी. हवेला वाट मोकळी मिळावी म्हणून केलेली ही रचना देखणी होती. शर्यतीच्या काही मिनिटांपुरती ती चालूनही जायची. तोच साज रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला चढला, तेव्हा उघड्या तोंडातून खडे, किडे आणि बॉनेटखालचा प्रत्येक सुटा तुकडा आत जाऊ लागला. उघड्या तोंडाच्या इंजिनावर वाकून काम करताना खिशातला पाना, हातातला नट किंवा वायसर किती सहज निसटतो, हे गॅरेजमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेली वस्तू असेल, तर ती एअर क्लीनरचा पंखनट. मोठ्या गोल डब्याच्या मधोमध एक उभी सळई, ती कार्बोरेटरमध्येच आट्यांनी बसवलेली, आणि वर दोन पंखांचा हा नट. हाताने फिरवता यावा म्हणून त्याला पंख दिलेले. पण जो हाताने सुटतो तो थरथरीने ढिला होतो, आणि झाकण काढून इंजिन ट्यून करताना हातातून पडला तर नेमका कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात जातो. तो बटरफ्लायवर अडकला तर ॲक्सिलरेटर सोडूनही बटरफ्लाय मिटत नाही आणि गाडी पळतच राहते. हा धोका इंजिनाचा नाही, माणसांचा आहे. खाली गेला तर इंजिन जातं. बाजारात पुढे नायलॉनची पकड असलेले नट आले, तरी सवयीने पंखनटच वापरला जायचा.

नट ढिला होऊ नये यासाठी बराच काळ यांत्रिक उपायच होते. स्प्रिंग वायसर, कॉटर पिन, विमानवाल्यांची लॉक-वायर. युद्धानंतर कोरड्या तळ्यांवर आणि बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर धावणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जण हवाई दलात किंवा लॉस एंजेलिसच्या विमान कारखान्यांत काम केलेले होते. बिल बर्कने १९४६ मध्ये मस्टँग विमानाच्या जादा इंधनटाकीलाच चाकं लावून गाडी केली, इतकी विमानांची आणि या छंदाची जवळीक होती. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि शेजारच्या बोल्टला पीळ देऊन बांधायची, ही विमानवाल्यांची शिस्त शर्यतीच्या गाड्यांतही दिसते. तार अशा बाजूने ओढायची, की एक बोल्ट ढिला व्हायला लागला तर दुसरा आणखी आवळला जावा. मॅनिफोल्डच्या आतल्या बारीक स्क्रूंना मात्र तार बांधता येत नाही.

त्या जागेसाठी उपाय निघाला तो रसायनशाळेतून. कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल रसायनशास्त्र शिकवत. हवा मिळत आहे तोवर पातळ राहणारा आणि दोन धातूंच्या मध्ये, हवा तुटली की कडक होणारा द्रव त्यांनी १९५३ मध्ये तयार केला. लॉकटाइट तो हाच. आट्यांमधल्या सूक्ष्म फटी त्याने भरल्या, की थरथरीने स्क्रूला हलायला जागाच राहत नाही. निळा, तांबडा असे त्याचे प्रकार आता गल्लीतल्या गॅरेजमध्येही सापडतात. आटे मात्र आधी तेल पुसून स्वच्छ करावे लागतात, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. तेलकट आट्यांवर तो नीट धरत नाही.

१९७० च्या सुमारापासून गोष्टीला नवं वळण लागलं. तोवर धोका फेरफार करणाऱ्याच्या हातचा होता. आता तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला. धूर कमी करायचा तर हवेचा प्रवाह काटेकोर हाताळावा लागतो, म्हणून इनलेटमध्ये हलणारे भाग वाढत गेले. ब्रिटिश गाड्यांच्या एसयू बटरफ्लायमध्येच एक छोटी स्प्रिंगची झडप आली. ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर थोडी हवा आत जावी, हे तिचं काम. स्प्रिंग थकली की झडप उघडीच राहायची आणि इंजिन आयडलिंगला स्थिर राहायचं नाही. जुन्या मिनी आणि एमजी सांभाळणारी मंडळी आजही तिला झाळ लावून बंद करतात किंवा साधी चकती बसवतात. सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगवर तोललेला सुटा भाग त्यांना नको असतो.

मग मॅनिफोल्डच्या आत झडपा आल्या. कमी वेगात हवेला भोवरा द्यायचा, जास्त वेगात वाट मोकळी करायची, यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या वाटेत एक पातळ चकती आणि सगळ्यांना जोडणारा एक दांडा. २००२ च्या सुमारास अमेरिकेत निसानच्या सेंट्रा एसई-आर आणि अल्टिमा गाड्यांत आलेलं अडीच लिटरचं क्यूआर२५डीई इंजिन यासाठी कुप्रसिद्ध झालं. त्या चकत्यांचे छोटे स्क्रू थरथरीने ढिले व्हायचे आणि इंजिनात जायचे. गाडीला हातही न लावलेले मालक यात सापडले, आणि टर्बो बसवून ताकद वाढवलेलेही. मग शौकिनांनी स्वतःच एक पद्धत बसवली. मॅनिफोल्ड उतरवायचा, एकेक स्क्रू काढून साफ करायचा, लॉकटाइट लावून परत आवळायचा. काहींनी झडपा आणि दांडा समूळ काढले आणि भोकं बुजवली.

बीएमडब्ल्यूच्या एम४७ आणि एम५७ या डिझेल इंजिनांतल्या भोवरा-झडपांची गोष्टही तशीच. दांड्यावरून तुटलेली झडप किंवा तिचा स्क्रू थेट सिलिंडरमध्ये. कंपनीने पुढे रचना बदलली, पण तोवर युरोपभर या झडपा काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवण्याचा एक वेगळा व्यवसायच उभा राहिला होता. बीएमडब्ल्यूच्याच पेट्रोलच्या एम५४ इंजिनात प्लॅस्टिकची एक मोठी झडप आहे. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती झिजते, तिची पिन सरकून बाहेर येते. मॅनिफोल्डजवळ काही खडखडलं की जाणते मालक आधी ती झडप उघडून पाहतात. फेरफार करणाऱ्यांना सरसकट दोष देणाऱ्यांनी ही उदाहरणं लक्षात ठेवावीत. इथे भाग काढून टाकणाऱ्याने इंजिन वाचवलं आणि जसाच्या तसा ठेवणाऱ्याने गमावलं. अर्थात धूर कमी करणारा भाग काढला की धूर वाढतो आणि कायदाही मोडतो, तो हिशेब वेगळा.

टर्बोमुळे धोक्याला आणखी एक टप्पा जोडला गेला. १९६२ मध्ये ओल्डस्मोबाइल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्वेअर या टर्बोच्या पहिल्या गाड्या अमेरिकेत विक्रीला आल्या. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आली, १९७५ मध्ये पोर्शेची. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. त्या वेगात वाळूचा खडा त्याच्या कडा खरवडतो आणि एखादा नट पातंच उडवतो. मग पात्याचे तुकडे हवेबरोबर पुढे निघतात. एक भाग सुटला आणि दहा तुकडे झाले, अशी स्थिती. बिघडलेला टर्बो बदलून नवा बसवला आणि इंटरकूलर धुतला नाही, तर आत अडकलेले जुने तुकडे पुढे इंजिनात जातात, हे मोठ्या खर्चानंतर अनेकांना कळलं.

जेट विमानांच्या जगात हा धोका फार आधी ओळखला गेला, आणि तिथे शिस्त कडक आहे. विमानवाहू जहाजांवर उड्डाणांपूर्वी खलाशी ओळीने डेकवरून चालत एकेक खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचतात. भारतीय हवाई दलाचं मिग-२९ विमान पुण्याच्या लोहगावला कित्येक वर्षं होतं आणि त्याची मोठी दुरुस्ती नाशिकजवळ ओझरला हवाई दलाच्या डेपोत होते. रशियातल्या खराब धावपट्ट्या गृहीत धरून बनवलेलं हे विमान जमिनीवर असताना पुढची तोंडं चक्क झाकून घेतं आणि पंखांच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या फटींतून हवा ओढतं. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर असलेल्या मिग-२९के या नौदलाच्या विमानात वरच्या फटींची जागा इंधनाला दिली आणि तोंडात मागेपुढे होणाऱ्या जाळ्या बसवल्या. एवढा खटाटोप केवळ धावपट्टीवरच्या खड्यासाठी. गाडीत हाच खडा, हाच नट आत जायला मोकळी वाट असते, आणि गाडीचा मालक स्वतःच ती वाट आणखी मोकळी करत असतो.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातच होंडा सिव्हिकसारख्या छोट्या जपानी गाड्यांचा शौक फोफावला. कारखान्याचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा, चकचकीत ॲल्युमिनियमची नळी बसवायची आणि टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर. तेल लावलेल्या सुती कापडाचा हा फिल्टर के अँड एन कंपनीने १९६९ पासून, मोटरसायकलींपासून सुरुवात करत, लोकप्रिय केला होता. थंड हवा मिळावी म्हणून काही नळ्या बंपरच्या मागे, चाकाजवळ खाली उतरवल्या जात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने अशा प्रत्येक नळीला मंजुरीचा क्रमांक सक्तीचा केला. तो धुराच्या कारणाने केला, पण त्यामुळे निर्मात्याला निदान काहीएक तपासणीला सामोरं जावं लागलं. स्वस्तातल्या नकली नळ्यांना अशी काही आडकाठी नव्हती.

या जोडण्यांत एकही बारीक स्क्रू नसतो, तरी सुटणारं पुष्कळ असतं. नळी आणि सिलिकॉनचा होस यांना आवळणारी गोल क्लिप, जिला आपल्याकडेही जुबिली क्लिप म्हणतात, ती लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १९२१ मध्ये पेटंट केली. पाण्याच्या होससाठी ती उत्तम. टर्बोच्या दाबाखाली, आत तेलाचा हात लागलेल्या गुळगुळीत नळीवर मात्र होस सरकून निघतो. म्हणूनच नीट बनवलेल्या नळीच्या टोकाला उंचवट्याची कडा असते. शंकूचा फिल्टर क्लिपवरच लटकत असतो. त्याचं वजन थरथरून क्लिप ढिली करतं, आणि एके दिवशी तो खाली पडून नळी उघडी राहते. मालकाला कळतं ते फक्त इतकंच, की गाडीचा आवाज जरा मोठा झालाय. हवा मोजणाऱ्या सेन्सरपुढची बारीक जाळी काढून टाकण्याची टूमही याच काळातली. ती जाळी पुढे जाणारी हवा सरळ करते आणि तुकडाही अडवते. अर्धवट कापलेली जाळी सगळ्यात वाईट, कारण तिच्याच तारा तुटून आत जातात.

न दिसणारा शत्रू वेगळाच. जुना मॅनिफोल्ड चकचकीत करायला काचेच्या बारीक मण्यांचा मारा करतात. मॅनिफोल्डच्या आतल्या वळणांत हे मणी चिकटून राहतात आणि इंजिन गरम झालं की सुटतात. गॅस्केटची जागा घासायला फिरती खरखरीत चकती वापरू नका, तिची पूड बेअरिंग खाते, अशी सूचना जनरल मोटर्सला आपल्या वर्कशॉपसाठी काढावी लागली होती. आणि मॅनिफोल्ड उतरवल्यावर काही पडू नये म्हणून भोकांत कोंबलेली चिंधी! ती काढायची राहिली तर तीच इंजिनात जाते. जुने मिस्त्री चिंध्या मोजून कोंबत आणि मोजून काढत, किंवा सगळ्या भोकांवर एकच मोठी, उठून दिसणारी पट्टी चिकटवत.

महाराष्ट्रात हा शौक मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेच्या आसपास वाढला. मारुतीच्या पिढीने गाड्यांना शंकूचे फिल्टर आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावले. खाली उतरवलेल्या नळीचा अर्थ काय होतो, हे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईने पाहिलं. कारखान्यातून निघालेल्या साध्या गाड्यांनीही त्या दिवशी पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकवले. बंपरच्या मागून हवा घेणाऱ्या गाडीला तर त्या पाण्याच्या निम्म्यात, नेहमीच्या पावसाळ्यातल्या डबक्यातही तेवढाच धोका असतो.

कायद्याची नजर या नळीपर्यंत पोचत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत फेरफार करायला मज्जाव करतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळलाच पाहिजे. पण आरसीवर एअर फिल्टरची नोंद नसते, होसच्या क्लिपची तर नाहीच. पीयूसीच्या वेळी पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो. ढिला स्क्रू त्या आकड्यांत दिसत नाही. अपघात किंवा मोठा बिघाड होईपर्यंत ही नळी उघडून पाहण्याचं काम कुणाचंच नसतं. ते मालकाने आणि त्याच्या मेकॅनिकने स्वतःहून केलं तरच होतं.

काहीतरी आत पडलंय अशी शंका आली, तर पूर्वी एकच इलाज होता: हेड खाली घ्यायचं. चुंबक लावून पाहायची सवय असते, पण पितळ, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक चुंबकाला लागत नाही. आता पेन्सिलीएवढा जाड कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडता येतो. मोबाइलच्या पडद्यावर पिस्टनचा माथा, व्हॉल्व्हची कडा, सिलिंडरची भिंत दिसते. पुण्या-मुंबईतल्या छोट्या गॅरेजमध्येही हा कॅमेरा आता सापडतो, आणि हेड उघडायच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. स्क्रू कमी भरला तर इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही. आधी सगळे प्लग काढायचे, पिस्टन हाताने फिरवून खाली आणायचा, एकेका सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहायचं, बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढायचं आणि मॅनिफोल्ड उलटा करून झटकायचा. स्क्रू हातात आल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.